खाडी ते खाडी

रेवसपासून रेडीपर्यंतचा रस्ता एका दमात कुणी करत नाही. तसं करायला कारणच नसतं. ज्याला मुंबईहून गोव्याला जायचं असतं तो पेण, महाड, चिपळूण करत आतल्या महामार्गाने जातो, नाहीतर कोकण रेल्वेत बसतो. समुद्राच्या कडेकडेने रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे ओलांडणारा, पाचशे किलोमीटरांच्या आसपास लांबीचा प्रमुख राज्य मार्ग क्रमांक ४ आहे तो हेदवीहून गुहागरला, मुणग्याहून आचऱ्याला, मोचेमाडहून शिरोड्याला जाणाऱ्यांसाठी. सरकारी कागदांत त्याला सागरी महामार्ग म्हणतात. बोर्ली पंचतनात विचाराल तर तो श्रीवर्धनचा रस्ता असतो आणि पावसला विचाराल तर रत्नागिरीचा. हिरव्या डोक्याच्या मैलाच्या दगडांवर पुढच्या गावाचं, फार तर तालुक्याचं नाव असतं. रेवसकडच्या दगडावर रेडीचं नाव मला कधी दिसलेलं नाही.

या रस्त्याने मी तुकड्यातुकड्यानेच हिंडलो आहे. कधी एसटीने, कधी मित्राच्या गाडीतून, कधी दुचाकीवर. आणि हिंडताना हळूहळू ध्यानात आलं की इथलं अंतर खाड्यांत मोजायचं असतं. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटन, गड, कर्ली, आणि रेडीच्या पलीकडे तेरेखोल. दोन खाड्यांच्या मधली पाच-पंचवीस गावं म्हणजे एक मुलूख. त्याचा बाजार, त्याचं हायस्कूल, त्याचा डॉक्टर, सोयरीक, सगळं बहुधा त्या दोन पाण्यांच्या आत. पलीकडचं गाव दिवसा डोळ्यांना दिसतं, रात्री त्याचे दिवे मोजता येतात, भजनाचा आवाज वाऱ्यावर ऐकू येतो. पण तिथे पोचायचं तर दिवस मोडतो.

असं का झालं हे भूगोलच सांगतो. सह्याद्रीची धार आणि समुद्र यांच्यात पन्नास-साठ किलोमीटरांची पट्टी. नद्या आखूड आणि उतावळ्या. डोंगरावरून कोसळतात आणि सपाटीला लागता लागता भरतीचं पाणी त्यांच्या तोंडातून आत घुसतं. चिपळूणला जी वाशिष्ठी एका बेताच्या पुलाने ओलांडता येते, तिची दाभोळला ऐसपैस खाडी झालेली असते. म्हणून ज्यांनी हमरस्ते आखले त्यांनी नद्यांना अरुंद जागी गाठलं. मुंबई-गोवा महामार्ग आतून गेला. १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. किनाऱ्यावरच्या गावांच्या वाट्याला स्टेशन आलं ते डोंगर चढून, घाटी उतरून, बरंच लांब.

त्याआधी ही गावं एकमेकांना आणि मुंबईला जोडलेली होती ती पाण्याने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं आगबोटीच्या वाटेवरचे थांबे होती. बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडाव तिला जाऊन लागायचे आणि बोचकी, फणस, पोरंबाळं वर चढवली जायची. चाकरमानी मुंबईला गेला तो असा. गावांची तोंडं तेव्हा समुद्राकडे होती आणि डोंगराकडची बाजू म्हणजे परसू. या वाटेची किंमतही समुद्राने वसूल केलेली आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं होतं. अलिबाग-रेवसच्या बाजूची जुनी माणसं काळ सांगताना 'रामदास'च्या आधी आणि 'रामदास'च्या नंतर असं म्हणताना मी ऐकली आहेत. रेवसचा तो धक्का आणि आजच्या रस्त्याचा आरंभ हे एकच ठिकाण. पाण्याची वाट जिथे संपायची तिथे जमिनीची वाट सुरू करायची, असं जणू कुणी ठरवून केलं.

ठरवलं बॅरिस्टर अंतुल्यांनी. ते स्वतः आंबेतचे, म्हणजे सावित्रीच्या काठचे. १९८० ते ८२ या त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात रेवस-रेडी मार्गाच्या कल्पनेला जोर आला. तुकडे पुष्कळसे आधीपासूनच होते. बैलगाडीची वाट, बोर्डाचा रस्ता, मंदिराकडे जाणारी पाखाडी, रोजगार हमीवर फोडलेला जांभा. ते एका नावाखाली आणि एका क्रमांकाखाली आले, आणि खाड्या तशाच राहिल्या. काही पूल झाले. रेवदंड्याहून साळावला जाणारा झाला, भाट्याचा झाला. जिथे झाले नाहीत तिथे डांबर धक्क्यापर्यंत येऊन थांबतं आणि पलीकडच्या धक्क्यावर पुन्हा सुरू होतं.

दोन धक्क्यांच्या मधला रस्ता कसा असतो? खाडीवरून निघाला की तो घाटी चढतो. वळणावळणाची, काजूंच्या आणि ऐनाच्या सावलीची. वर सडा लागतो. काळा-तांबूस कातळ, मैलभर झाड नाही, मे महिन्यात चाकाखालून ऊब वर येते, आणि श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर निळ्या-पिवळ्या फुलांचे गालिचे. मग रस्ता उतरतो. उतारावर पहिल्यांदा आंब्याच्या कलमांच्या बागा, मग जांभ्याचे गडगे, मग माडांचे शेंडे, मग समुद्र. गाव. मग पुन्हा घाटी, पुन्हा सडा. रत्नागिरीच्या खाली पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे या टापूत हा चढ-उताराचा ताल अंगात भिनतो. कशेळीच्या सड्यावर एका अजस्र हत्तीचं चित्र कातळात खोदलेलं आहे आणि त्याच्या पोटात दुसरे प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. ती माणसं कोण होती हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. गावातले गुराखी त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या ढोरं नेत आले. खाडी टाळून सड्यावरून चालणं ही इथली फार जुनी रीत असावी, असं त्या हत्तीपाशी उभं राहिलं की वाटतं.

गावात शिरल्यावर रस्त्याचं वागणं बदलतं. दिवेआगर, आंजर्लं, केळशी, गुहागर यांची रचना एकाच हाताने केल्यासारखी. आधी समुद्र, मग वाळू, मग सुरूचं बन, मग नारळी-पोफळीची वाडी, मग घर, मग रस्ता. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा घर, पुन्हा वाडी, आणि मागे डोंगर. गुहागर तर असं लांबच्या लांब पसरलेलं आहे. खालचा पाट, वरचा पाट, मधे व्याडेश्वर, आणि सगळं गाव एका रस्त्याच्या दोन्ही हातांना. कागदावर दोन पदरी रस्त्याची डांबरी सात मीटर असायला हवी. इथे कित्येक ठिकाणी ती साडेपाचावर येते आणि काही आळ्यांत त्याहूनही आक्रसते. समोरून एसटी आली की दुचाकीवाला कुणाच्या तरी बेड्यात शिरून उभा राहतो. कुणी रागावत नाही. ओटीवर बसलेले आजोबा पेपरातून मान वर करून गाडी कुठली ते पाहतात आणि घड्याळ लावतात.

रेवदंड्याला तर रस्ता किल्ल्यातूनच जातो. पोर्तुगिजांच्या तटातल्या वाटेने आत शिरायचं आणि पलीकडे बाहेर पडायचं. मधल्या भागात घरं, वाड्या, शाळा, सायकलवरचा पाववाला. चौल-रेवदंड्याच्या या बंदरात पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन उतरला होता. त्याच्या आठवणीचा स्तंभ रेवदंड्यात आहे. पूल ओलांडून पलीकडे कोर्लईला गेलं की गडाच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वाडीत एक बोली कानावर येते. मराठीच्या संगतीत वाढलेली पोर्तुगीज. चौलवरून पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. त्यांची भाषा एका वाडीच्या स्वयंपाकघरांत राहिली. ती टिकली याचं श्रेय थोडंफार खाडीलाही द्यावं लागेल. सहज ये-जा असलेल्या जागी इतकी लहान भाषा इतकी वर्षं जगली नसती.

या रस्त्यावर बोली बदलत जाते ती अशीच, खाडी ओलांडून. अलिबागेकडे आगरी आणि कोळी हेल. श्रीवर्धन, बाणकोट, दाभोळ, जयगड या जुन्या बंदरांत कोकणी मुसलमानांची बोली. रत्नागिरीच्या आसपास संगमेश्वरी. देवगड लागलं की मालवणी, आणि शिरोडा-रेडीला तिच्यात गोव्याचा सूर. मासे मारणारा रायगडात कोळी असतो, दापोली-गुहागरात खारवी किंवा दालदी, मालवणात गाबित. जाळं तेच, पापलेट तेच. 'कुठं चाललाव?' असं विचारणारा रस्ता बसल्या जागी 'खंय चललास?' असं विचारू लागतो, आणि माणसाला कळतं की आपण बरेच खाली आलो.

खाली जाताना रस्त्याकडेला इतिहास सांडलेला असतो, आणि बराचसा कुणी उचलून ठेवलेला नसतो. समुद्रात जंजिरा. श्रीवर्धनात बाळाजी विश्वनाथ पेशव्याचं मूळ घराणं. वेळासला नाना फडणवीसांचं गाव, आणि त्याच वेळासच्या पुळणीवर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचं काम. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने ते सुरू केलं आणि गावाने आपलं मानलं. दापोलीजवळच्या मुरुडला महर्षी कर्व्यांचं गाव. मालगुंडला केशवसुतांचं घर. रत्नागिरीत थिबा राजाचा राजवाडा, जिथून ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा समुद्राकडे बघत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला, आणि त्याच शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी जवळजवळ दोन दशकं शिकवलं. शेखाडीची गोष्ट वेगळी. आरवी, कोंडिवली, शेखाडी हा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता इतका देखणा आहे की तिथे वाईट काही घडेल असं वाटू नये. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवलं गेलं. आडबाजूला असणं माणसांना शांतता देतं, तसा गैरकामांना आडोसाही देतं.

मुक्कामाच्या एसटीबद्दल सांगितल्याशिवाय या रस्त्याचं वर्णन पुरं होणार नाही. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी गावात येऊन थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या धर्मशाळेत किंवा कुणाच्या पडवीत झोपतात, कुणीतरी भाकरी-आमटी आणून देतं. पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेला माणूस आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी यांना घेऊन परत जाते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशीच्या गाड्यांत बायकांचा आवाज वाढलेला मी ऐकला आहे. एरवी वर्षातून दोनदा माहेरी जाणारी बाई आता लेकीकडे सहज डोकावून येते. डांबर ओतून जे होत नाही ते कधी कधी तिकिटाचे पैसे निम्मे करून होतं.

हा रस्ता गावांना किती लागतो ते ३ जून २०२० ला कळलं. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि पलीकडे मंडणगड-दापोलीची किनारपट्टी. काही तासांत पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी देशभर जायची, तिची झाडं मुळासकट रस्त्यावर. पोफळ लावल्यापासून धरायला लागेपर्यंत वर्षं जातात आणि माड तर नातवासाठीच लावायचा असतो. आधी रस्ता मोकळा झाला, मग बाकीचं. सरकारी यंत्रं पोचायच्या आधी गावकऱ्यांनी कोयत्यांनी आणि करवतींनी खोडं तोडली. वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्या काळात पाण्याचा टँकर, पत्रे, मेणबत्त्या, मुंबईहून लेकाने पाठवलेलं सामान, सगळं याच दोन पदरांवरून आलं. वाडी गेलेल्या माणसाने घरातल्या दोन खोल्या रंगवून पर्यटकांसाठी काढल्या, तेव्हा गिऱ्हाईकही याच रस्त्याने आलं.

मग दाभोळ. वाशिष्ठीच्या तोंडाशी वसलेलं हे एकेकाळचं मोठं बंदर. आदिलशाहीतली देखणी मशीद अजून धक्क्याजवळ उभी आहे. समोर धोपावे. मध्ये फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. २००३ मध्ये गाड्या वाहून नेणारी ही बोट सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा होता. एन्रॉनच्या वीजप्रकल्पामुळे नव्वदच्या दशकात दाभोळचं नाव जगभर झालं, पण प्रकल्प आहे खाडीपलीकडे, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या हद्दीत. नाव एका काठाला मिळालं, धूर आणि मोर्चे दुसऱ्या काठाला.

सपाट तळाच्या बोटीची लोखंडी झडप धक्क्यावर आपटते. आधी माणसं चढतात, मग दुचाक्या, मग गाड्या. कडेच्या बाकावर शाळेची मुलं, बर्फाची पेटी सांभाळणारा एक खारवी, पिशवीत औषधं घेतलेली एक काकू. एकदा पाणी कापत जाताना मला राहवलं नाही.

"पूल झाला की ही मजा जाईल, नाही का काकू?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला मजा आहे हो दादा. माझ्या सुनेचं पोट रात्री दुखायला लागलं तेव्हा बोट बंद झालेली. समोर दाभोळचे दिवे दिसतायत आणि आम्ही चिपळूणच्या वाटेला."

"मग?"

"मग काय. देवाने केलं बरं. पण पूल होऊ दे. लवकर होऊ दे."

शहरातून येणाऱ्याला खाडीवरचं थांबणं म्हणजे प्रवासातला विसावा वाटतो. काठावरच्या माणसाला ते आयुष्यातून वजा होत गेलेले तास वाटतात. पलीकडच्या कॉलेजात न गेलेली मुलगी, बर्फ वितळल्याने पडत्या भावात गेलेली मासळी, उशिरा पोचलेला रुग्ण, हा सगळा त्या रम्य थांब्याचा हिशेब आहे. बाणकोटच्या खाडीवर, बागमांडला आणि वेश्वीच्या मध्ये, पुलाचं काम सुरू होऊन रखडलं. पाण्यात उभे राहिलेले खांब फेरीबोटीतून वर्षानुवर्षं दिसत राहिले. त्या खांबांकडे पाहत जे रोज पाणी ओलांडतात, त्यांच्यापुढे फेरीबोटीचं काव्य वाचायची हिंमत माझ्यात नाही.

तेव्हा पूल हवेत. राज्य रस्ते विकास महामंडळाने सागरी मार्ग नव्याने हाती घेतला आहे. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, केळशी, दाभोळ, जयगड अशा ठिकाणी मोठ्या पुलांची योजना आहे. ते होतील, आज ना उद्या. प्रश्न पुलांनंतरचा आहे. शेवटची खाडी ओलांडली गेली की हे सगळे तुकडे जुळून पहिल्यांदाच एक सलग रस्ता होईल. सलग रस्त्याला सलग जाणारी वाहनं मिळतात. आणि मुंबईहून थेट गोव्याला निघालेल्या गाडीला मधलं प्रत्येक गाव हा अडथळा वाटतो.

याची पहिली ओळ वरच्या टोकाला लिहून झालेली आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबाग मुंबईच्या अंगणात आलं. रोजगार आला, हे खरं. हॉटेलं, गाड्या, घरकाम, मासळीला भाव. त्याबरोबर शनिवारी सकाळी नागाव-चौलच्या वाड्यांमधल्या त्याच अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांगही आली, आणि गडग्यांवर 'जागा विकणे आहे'च्या पाट्या. किहीमच्या ज्या झाडोऱ्यात सालिम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तिथल्या बंगल्यांची कुंपणं आता माणसाच्या डोक्यावरून जातात. गावकरी स्वतःच्या रस्त्यावरून चालताना भिंतीला चिकटून चालतो. हेच पुढे दिघीला, केळशीला, तवसाळला होऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी आत्ता बोलायला हवं. पुलाचा नारळ फुटल्यावर रुंदीकरणाच्या खुणा मारायला फार वेळ लागत नाही.

रुंदीकरण म्हणजे इथे काय, हे गुहागरच्या पाटात किंवा आंजर्ल्याच्या आळीत उभं राहून बघावं. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर घेतले तर ओटी जाते, तुळस जाते, विहिरीचा कठडा जातो आणि पाठीमागची वाडी विकायची वेळ येते. गावाला वळसा घालून बाहेरून रस्ता काढायचा म्हटलं तर तो खाजणातून, भातशेतीतून किंवा सुरूच्या बनातून जाणार, आणि तिठ्यावरची टपरी, सोसायटीचं दुकान, सहा आसनीचा स्टॉप ओस पडणार. दोन्हीत गाव हरतं. रस्ता आहे तेवढाच ठेवायचा हा तिसरा पर्याय आपल्या योजनांत सहसा कुणी लिहीत नाही, कारण त्यात खर्च दाखवायला काही नसतं.

मला आचऱ्याची गावपळण आठवते. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातं. सगळ्या जातिधर्मांची माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या. झाडांखाली झोपड्या पडतात, चुली पेटतात, दशावतार रंगतो, आणि आत घरं उघड्या आकाशाखाली गप्प राहतात. गावावर आपला हक्क आहे तसा गावालाही आपल्यापासून सुट्टी घ्यायचा हक्क आहे, इतका मोठा विचार माणसं सणासारखी साजरी करतात. ज्या मुलखाने ही रीत जपली, त्याला सगळीकडे घाई पोचवायलाच हवी का, याचा निर्णय बाहेरच्यांनी परस्पर घेऊ नये.

आणखी खाली, वेंगुर्ला आणि शिरोड्याच्या मध्ये, आरवली आहे. जयवंत दळवींचं गाव. तिथला वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून नवस फेडायला माणसं त्याला हातभर लांबीच्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. देवळात चपलांचे जोड मांडलेले दिसतात. रस्त्याचा देव म्हणून मला हाच पटतो. तो पायी चालतो, गावाच्या वेशीपर्यंत जातो आणि परत येतो. वेशीबाहेरचं जग त्याने दुसऱ्या गावांच्या देवांवर सोडलेलं आहे.

या राज्य मार्गाचं कामही बरंचसं असंच आहे. मुंबईला गोव्याशी जोडायला दुसरा महामार्ग आहे, रेल्वे आहे, विमानं आहेत. दाभोळला धोपाव्याशी, जयगडला तवसाळशी, वेश्वीला बागमांडल्याशी जोडायला दुसरं काही नाही. म्हणून खाड्यांवर पूल बांधा, पक्के बांधा, त्यांवर पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी जागा ठेवा. गावांतला रस्ता मात्र आहे तेवढाच राहू द्या. खड्डे बुजवा, मोऱ्या साफ ठेवा, मुक्कामाची एसटी बंद करू नका आणि अवजड वाहनांना आतल्या महामार्गाने पाठवा. ग्रामसभांनी तसे ठराव करावेत, आणि पुलाच्या मागणीच्या अर्जात ही दुसरी ओळही लिहावी. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी या वाटेने येणार असेल तर त्याला एवढंच सांगणं, की एका खेपेला दोन खाड्यांच्या मधलाच मुलूख करा, गावात मुक्काम करा, आणि समोरून एसटी आली की गाडी बाजूला घेऊन तिला आधी जाऊ द्या.